तांब्याचा राप

पावसाळा तोंडावर आला की संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या संत्रा बागांमधली खोडं निळी दिसू लागतात. डिंक्या लागू नये म्हणून बुंध्यापासून वर हातभर-दोन हात बोर्डो मलम फासलेलं असतं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं. भांडं प्लास्टिकचं नाहीतर मातीचं, लोखंडाचं कधीच नाही. मिश्रण जमलं की नाही हे पाहायला विळ्याचं पातं त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर धरला, तर मोरचूद अजून मोकळं आहे आणि चुना आणखी हवा.

हे मलम सापडलं तेही रस्त्याकडेच्या चोऱ्यांमुळे. फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या मळ्यांत वाटेवरची द्राक्षं लोक तोडून खात, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडत. वेल विषारी दिसावी, एवढाच हेतू. प्येर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या वेली केवडा रोगानं झडल्या, पण कडेच्या हिरव्यागार राहिल्या. १८८५ मध्ये त्यानं ही गोष्ट प्रसिद्ध केली.

इमारतींच्या पुस्तकात बागेचं मलम कशाला, तर युरोपातल्या जुन्या चर्चच्या छपरांवर आणि राजवाड्यांच्या घुमटांवर जो फिकट हिरवा रंग असतो, तो याच मलमाचा जवळचा नातेवाईक आहे. मोरचूद म्हणजे पाण्यात विरघळणारं ताम्र सल्फेट. त्यात चुना पडला की पाण्यात न विरघळणारी, पृष्ठभागाला धरून राहणारी ताम्र सल्फेटं तयार होतात. चुना कमी-जास्त असेल तसं त्यांचं रूप बदलतं, पण त्यातलं एक रूप खनिजशास्त्रात ब्रोकँटाइट या नावानं ओळखलं जातं. ब्रोशां द व्हिलिए या फ्रेंच भूशास्त्रज्ञावरून ते नाव पडलं. शहरातल्या तांब्याच्या छपरावरचा हिरवा थर मुख्यतः याच ब्रोकँटाइटचा असतो. बागाईतदार जे बादलीत अर्ध्या तासात बनवतो, ते बनवायला छपराला दहा-वीस वर्षं लागतात, आणि तेही हवेनं साथ दिली तर.

संग्रामपूरची हवा साथ देणार नाही. या प्रकरणात मला मुख्यतः सांगायचं आहे ते हेच. तांब्याच्या इमारतीवर शेवटी जो रंग चढतो तो त्या गावच्या हवेचा असतो, आणि हवा कशी आहे हे न विचारता नुसतं छायाचित्र पाहून तांबं निवडणाऱ्याची निराशा ठरलेली असते.

आधी थर कसे चढतात ते पाहू. गिरणीतून आलेला नवा पत्रा गुलाबी-केशरी असतो. बसवल्यावर काही दिवसांतच त्यावर जांभळ्या, नारिंगी, कधी निळसर छटा उमटतात. हे रंग कोणत्याही रंगद्रव्याचे नसतात. ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतो. थर जाड झाला की हा खेळ संपतो. काही आठवडे ते काही महिने एवढ्या काळात पत्रा तपकिरी होतो. हा थर क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या तांबड्या ऑक्साइडचा. पुढे तो गडद होत चॉकलेटी आणि नंतर काळपट होतो.

हे पहिलं वर्ष मालकाची परीक्षा पाहणारं असतं. पत्रा एकसारखा बदलत नाही. जिथं कारागिराचा घामेजलेला हात लागला तिथं बोटांचे ठसे काळे उठतात. पावसाच्या ओघळांच्या रेघा पडतात. दोन शेजारचे पत्रे दोन वेगळ्या घाण्यांतले असतील तर एक दुसऱ्यापेक्षा आधी काळवंडतो. म्हणून पत्रा बसवताना हातमोजे घालायचे असतात. आपल्याकडे ते कुणी घालत नाही. मग मालक चिंच नाहीतर लिंबू-मीठ घेऊन मजुराला शिडीवर चढवतो, आणि नेमकी तीच चूक होते. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइड विरघळवतं, पत्रा लखलखतो, आणि दोन महिन्यांत पुन्हा डागाळतो. घरातला तांब्या-गडवा रोज घासायला हरकत नाही. तो आपण पाण्यासाठी वापरतो आणि त्याची जाडीही भरपूर असते. छपरावर मात्र घासून काढतो ती पत्र्याची ढाल. तिला हात लावला नाही, तर दीड-दोन वर्षांत ठसे आणि रेघा सगळ्या त्या तपकिरी रंगात बुडून जातात.

ही ढाल किती पक्की असते? उघड्या हवेत तांबं वर्षाला साधारण अर्धा ते दोन मायक्रॉन झिजतं. छपराचा पत्रा ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे सहाशे-सातशे मायक्रॉन. हिशेब वाचकानंच करावा. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, सुटून पडतो आणि आतल्या लोखंडाला पुन्हा उघडं पाडतो. क्युप्राइट पत्र्याला घट्ट चिकटून राहतं.

न्यू यॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा या हिशेबाचं मोठं उदाहरण आहे. २८ ऑक्टोबर १८८६ ला त्याचं लोकार्पण झालं. बाहेरून दिसतं ते सगळं तांब्याच्या पत्र्याचं आहे, जाडी जेमतेम २.४ मिलिमीटर. शिल्पकार बार्तोल्दीच्या कारागिरांनी तो पत्रा लाकडी साच्यांवर ठोकून ठोकून वळवला. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही; ठोकल्यानं तांबं नुसतं वळत नाही, ते कडकही होतं. उभारला तेव्हा पुतळा तांबूस तपकिरी होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिरवा पडू लागला तेव्हा १९०६ मध्ये त्याला रंग देण्याचा बेत पुढे आला आणि लोकांनी तो हाणून पाडला. शंभर वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी पाहिलं, तर तांब्याची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच कमी झालेली होती. नासलं होतं ते आतलं लोखंड, पण त्याबद्दल पुढे.

आता हिरव्याकडे. क्युप्राइटवर पाणी बराच काळ टिकलं आणि त्या पाण्यात गंधकाचं किंवा क्लोरिनचं संयुग असलं, तरच पुढचा थर बनतो. कोळशाच्या धुराचा गंधक डायऑक्साइड हवेत असेल तर ब्रोकँटाइट. समुद्रावरून मीठ येत असेल तर ॲटाकामाइट, म्हणजे तांब्याचं हिरवं क्लोराइड. चिलीतल्या अटाकामा वाळवंटाचं नाव त्याला मिळालं. समुद्रकाठी आणि धुराच्या शहरांत हा रंग आठ-दहा वर्षांत दिसू लागतो. स्वच्छ खेड्यातल्या हवेत वीस-तीस वर्षं जातात. कोरड्या, उष्ण, समुद्रापासून दूरच्या प्रदेशात तो पूर्णपणे येतच नाही असं म्हटलं तरी चालेल. पत्र्यावर पाणी किती वेळ थांबतं यालाही फार महत्त्व आहे. उतरत्या छपरावर दव आणि पाऊस रेंगाळतात. उभ्या भिंतीवरून पाणी झरकन निघून जातं. म्हणून एकाच इमारतीचं छप्पर हिरवं आणि भिंत तपकिरी असं दृश्य सर्रास दिसतं, आणि त्यात कुणाची चूक नसते.

आता ही अट घेऊन संग्रामपूरला या. सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे पश्चिमेला खंबातचं आखात, चारशे किलोमीटरच्या आसपास. पाऊस सात-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत उरकतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवा अशी कोरडी होते की ओला पंचा दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पडदा टिकून राहायला हवेत साठ-सत्तर टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते; ती इथं पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या काही पहाटे मिळते, एरवी नाही. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचं जंगल, दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरणारं काळं सपाट शेतशिवार. कोळशावर चालणारी मोठी वीजकेंद्रं म्हणजे दक्षिणेला अकोला जिल्ह्यातलं पारस आणि पश्चिमेला भुसावळजवळचं दीपनगर. त्यांचा धूर इथं पोचेपर्यंत बराच पातळ झालेला असतो. या सगळ्याचा अर्थ एकच: सोनाळ्याच्या किंवा वरवट बकालच्या एखाद्या मंदिरावर तांब्याचं शिखर चढवलं तर ते वर्षभरात तपकिरी, दहा वर्षांत काळपट-चॉकलेटी आणि आपल्या नातवाच्या लग्नातही काळपट-चॉकलेटीच राहील. सांदीकोपऱ्यात, जिथं पाणी साचतं तिथं, हिरवे ओघळ येतील तेवढेच.

“हे हिरवं केव्हा होईन भाऊ?” असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘होणार नाही’ हे आहे. ते पत्रा घेण्याआधी द्यायला हवं.

देशातलं सगळ्यात परिचित उदाहरण दिल्लीत आहे. राष्ट्रपती भवनाच्या घुमटावर तांब्याचा पत्रा आहे. वास्तुविशारद लुट्येन्सची ही इमारत १९२९ मध्ये पुरी झाली, १९३१ मध्ये नव्या राजधानीचं उद्घाटन झालं. घुमट शंभरीला टेकला तरी दुरून काळसर-करडाच दिसतो. दिल्लीत धूर कमी नाही, पण वर्षातला बराच काळ हवा कोरडी आणि धूळ अपार. याउलट सॅन फ्रान्सिस्कोचं द यंग संग्रहालय. हेर्झोग आणि द म्यूरॉन या वास्तुविशारदांनी २००५ मध्ये ते सात हजारांहून जास्त तांब्याच्या पत्र्यांनी मढवलं, या हिशेबानं की समुद्राचं धुकं त्याला हळूहळू हिरवं करील आणि इमारत भोवतालच्या झाडांत मिसळून जाईल. तिथंही आधी बरीच वर्षं तपकिरी रंगाचीच गेली. केरळातल्या अनेक मंदिरांच्या गर्भगृहांवर तांब्याचा पत्रा आहे. तिथं पाऊस भरपूर आणि समुद्र जवळ, म्हणून काळ्या-हिरव्याची सरमिसळ दिसते.

आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण जुन्या पुस्तकांतली वर्षं आता तशीच्या तशी लागू पडत नाहीत. युरोपातली हिरवी छपरं बरीचशी कोळशाच्या काळाची देणगी आहेत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत तिथल्या हवेतला गंधक झपाट्यानं घटला, तशी नवी छपरं हिरवी व्हायला जास्त वेळ घेऊ लागली. ज्या रंगाला आपण प्राचीनतेची शोभा म्हणतो त्यात धुराड्यांचा वाटा मोठा होता.

मग ज्याला थांबायचं नाही त्यानं काय करावं? कारखाने तयार रापाचा पत्रा विकतात. एक प्रकार आधीच तपकिरी केलेला. एक आधीच हिरवा केलेला, ज्यावर खरं ब्रोकँटाइट किंवा त्याच्या जवळचं संयुग रसायनांनी बसवलेलं असतं. तिसरा कथिलाचा मुलामा दिलेला, जो काही काळानं मऊ करडा होतो. हा तिसरा प्रकार आपल्याला मुळीच नवा नाही. नवसागरानं भांडं साफ करून तापवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचं, ही कल्हईवाल्याची कला तीच आहे. फरक एवढाच की भांड्यात ती आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून आतून लावतात आणि इमारतीला बाहेरून. तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा सोनेरी पत्राही मिळतो. तो बरीच वर्षं सोनेरीच राहतो, फक्त चकाकी जाते. विदर्भातल्या एखाद्या सभागृहाला किंवा कळसाला झळाळी हवीच असेल तर मी याच पर्यायाकडे बोट दाखवीन.

पारदर्शक लॅकर मारून गुलाबी रंग कायमचा धरून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. आत, छताखाली, ठीक. बाहेर, वऱ्हाडच्या उन्हात, लॅकर काही वर्षांत तडकतं, तडकलेल्या जागी पाणी शिरतं आणि पत्र्यावर कोडासारखे चट्टे उठतात. मग सगळं लॅकर काढून पुन्हा मारणं आलं. तांब्यासाठी एकदा पैसे मोजायचे आणि मग त्याचं तांबेपण झाकायला दर पाच-सात वर्षांनी पुन्हा मोजायचे, याला शहाणपण म्हणवत नाही.

तयार हिरव्या पत्र्याबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. पण संग्रामपूरच्या हवेत तो कृत्रिमच दिसेल, आणि कापलेल्या कडा, दुमडीवरच्या चिरा आणि दुरुस्तीचे तुकडे तपकिरी राहतील. तिथली हवा त्यांना हिरव्याशी जुळवून घेणार नाही. तपकिरीचं तसं नाही. तपकिरी पत्र्याला ओरखडा पडला तर हवा तो आपण होऊन भरून काढते. मला स्वतःला काळ्या बेसाल्टवर चॉकलेटी तांबं फार आवडतं, हेही इथंच सांगून टाकतो.

आता या भागाची खास अडचण: खारपाण. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी जाणारा हा खाऱ्या पाण्याचा पट्टा संग्रामपूर तालुक्यालाही कवेत घेतो. इथलं मीठ हवेत नाही, विहिरी-बोअरच्या पाण्यात आहे, म्हणून छपरावरच्या तांब्याला ते आपसूक पोचत नाही. ते पोचवतो माणूस. पितळी तोट्यांवर सांध्याशी बसणारा हिरवट-पांढरा थर या गावांतल्या कुणालाही दाखवावा लागत नाही; पितळेतून जस्त झिरपून जातं आणि मागे ठिसूळ गुलाबी तांबं उरतं, म्हणून जुनी तोटी पान्यानं आवळताना हातात तुटून येते. उत्सवाच्या आधी बोअरच्या पाण्याचा पाइप लावून शिखर धुणं म्हणजे तांब्याला मुद्दाम समुद्रकाठी नेऊन ठेवणं. पाणी उडून जातं, मीठ राहतं, आणि पहिल्या ओल्या रात्री ते कामाला लागतं. धुवायचंच असेल तर पावसावर सोडावं.

क्लोराइड तांब्याला किती खोल लागतं हे पुराणवस्तू सांभाळणाऱ्यांना जास्त ठाऊक असतं. विदर्भातून वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत. वाशिमला मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या राजाच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षीचं हे दान, म्हणजे चौथ्या शतकातलं. दीड हजारांहून जास्त वर्षांनंतर अक्षरं वाचता येतात ती क्युप्राइटच्या कृपेनं. पण जमिनीतलं मीठ त्या थराखाली शिरलं असेल, तर वस्तू बाहेर काढल्यावर, दमट हवा लागताच, आतून फिकट हिरवी पूड फुटू लागते. क्लोराइड तांब्याला खातं, सुटतं आणि पुन्हा खातं. इमारतीवर हे टोक सहसा येत नाही, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. मात्र जिथं पाऊस पोचत नाही त्या वळचणीखालच्या भागात आणि दुमडीच्या आत ते साठू शकतं.

उन्हाचाही एक हिशेब आहे. मीटरभर तांबं एका अंशाला १७ मायक्रॉन फुगतं. पत्र्याचं तापमान हिवाळ्यातल्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी सत्तर अंश धरलं, तर तीन मीटरचा पत्रा तीन मिलिमीटर लांबतो-आखडतो. तो खिळ्यांनी जाम ठोकला तर फुगून उठतो आणि काही वर्षांत खिळ्यापाशी चिरतो. म्हणून तांब्याच्या पट्ट्या खालच्या फळीला ठोकून, त्यांचं टोक दोन पत्र्यांच्या उभ्या दुमडीत अडकवतात. पत्रा धरलेला राहतो आणि सरकतही राहतो. पट्टी आणि खिळेही तांब्याचेच हवेत.

हा शेवटचा मुद्दा टाळला की काय होतं ते स्वातंत्र्यदेवतेनं दाखवलं. अभियंता आयफेलनं उभारलेला आतला सांगाडा लोखंडी होता आणि तांबं-लोखंड यांच्यामध्ये घातलेलं वेष्टन कालांतरानं कुजलं. दोन वेगळे धातू, मध्ये खारी ओल: जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. लोखंडी पट्ट्या फुगल्या, त्यांनी तांब्याच्या कड्या ओढून काढल्या. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या बदलून पोलादाच्या न गंजणाऱ्या जातीच्या बसवाव्या लागल्या.

आपल्याकडे धोका जस्ती पत्र्याचा आहे. शिखर तांब्याचं, आणि त्याखाली सभामंडपावर जस्ती टिनं, ही जोडी गावोगाव होऊ शकते. तांब्यावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यात विरघळलेलं तांबं असतं. ते जस्तावर पडलं की जस्त त्याच्या जागी विरघळतं आणि टिनाला भोकं पडतात. वर जस्त आणि खाली तांबं असेल तर काही बिघडत नाही, वर तांबं आणि खाली जस्त मात्र कधीच नको. पन्हळ, नळ आणि खालचा उतारही तांब्याचा किंवा प्लास्टिकचा ठेवावा. फिकट दगडावर किंवा पांढऱ्या चुन्यावर ते पाणी सोडलं तर हिरवे ओघळ उमटतात आणि निघत नाहीत. स्टॉकहोममधल्या मोजमापांत एका चौरस मीटर छपरावरून वर्षाला एक-दीड ग्रॅम तांबं वाहून गेलेलं आढळलं. हे प्रमाण माणसाच्या दृष्टीनं थोडं असलं तरी शेवाळ आणि मासे यांना पुरेसं आहे. तांब्याच्या छपराचं पाणी मत्स्यतळ्यात नेऊ नये, आणि पहिल्या पावसाचं तरी पिण्याच्या टाकीत घेऊ नये.

मंदिर समितीनं किंवा घरमालकानं पत्र्याची मागणी नोंदवण्याआधी एक स्वस्त काम करावं. ज्या पत्र्याचा विचार चालू आहे त्याचे दोन वीतभर तुकडे आणून एक उतरता आणि एक उभा, जिथं इमारत होणार तिथंच, उघड्यावर बसवावा. दोन पावसाळे जाऊ द्यावेत. उतरत्या तुकड्याचा रंग छपराचा, उभ्याचा भिंतीचा. आणि काढताना मागची बाजूही नीट पाहावी: तिथं हिरवे ठिपके असतील तर ओल खालून येते आहे, फळीच्या लाकडातून किंवा पत्र्याखाली जमणाऱ्या दवातून, आणि पत्रा बदलण्याआधी त्याखाली हवा खेळायला दोन बोटं जागा सोडण्याची गरज आहे.